पंखे बंद

शनिवार, रात्री उशिरा

गुडघे सोलवटलेत, पाठ धरलीय आणि डोळे मिटले तरी समोर रांगाच दिसतायत. सोमवारी ऑफिसात जीएसटीच्या रिटर्नमध्ये डोकं घातलं की यातलं निम्मं विसरून जाईन, म्हणून आजच लिहून ठेवते.

खूळ भाच्याचं : ठोकळे रांगेत उभे करायचे आणि पहिल्याला टिचकी मारली की एकामागून एक सगळे पाडायचे. सुट्टीला पुण्याहून सांगलीला येताना पठ्ठ्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा डॉमिनोचे ठोकळेच जास्त. विश्रामबागेतल्या आमच्या सोसायटीचा हॉल एखादा वाढदिवस सोडला तर रिकामाच असतो, त्याची किल्ली मिळाली. मग खालच्या मजल्यावरचे आप्पा आले. आप्पा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत, त्यामुळे हाताला काम नसलं की त्यांना करमत नाही. भाच्याकडून त्यांनी माप घेतलं : ४८ मिलिमीटर उंच, २४ रुंद, साडेसात जाड. सुताराकडनं उरलेल्या फळ्यांच्या तुकड्यांमधून तेवढेच ठोकळे कापून आणले, पॉलिश पेपरनं कडा घासल्या आणि एक अख्खं पोतं हॉलच्या कोपऱ्यात ओतलं. तिसऱ्या मजल्यावरची नववीतली पोरगी, तिचा धाकटा भाऊ, वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला शिकणारी दोन मुलं आणि मी. एवढी आमची फौज.

सुरुवातीला मी आपली माझ्या सवयीनं म्हटलं, कागदावर काहीतरी काढून घेऊ. नववीतली म्हणाली, "मावशी, आधी सगळं ठरवलं तर मग नुसतं भरतच बसायचं ना?" आणि ती लावायलाही लागली. तिथून जे सुरू झालं ते आज संध्याकाळपर्यंत चाललं.

एक गोष्ट मात्र मी अजूनही ठामपणे म्हणेन. चित्र हवं असेल, म्हणजे ठोकळे पडल्यावर फरशीवर एखादा चेहरा किंवा झेंडा उमटायला हवा असेल, तर चौकटीच्या वहीला पर्याय नाही. कुठल्या ओळीत कुठल्या रंगाचे किती, हे आधी मोजलेलं लागतं. नेदरलँड्समध्ये १९९८ पासून २००९ पर्यंत जवळपास दरवर्षी 'डॉमिनो डे' व्हायचा, टीव्हीवर थेट दाखवायचे. शेवटच्या वर्षी, १३ नोव्हेंबर २००९ ला, लेवार्डन शहरातल्या हॉलमध्ये ४४ लाख ९१ हजार ८६३ ठोकळे पडले. असलं काम 'बघू की, हुतंय' म्हणून उभं राहत नाही. आम्हाला चित्र नको होतं. आम्हाला वाहतं काहीतरी हवं होतं : वळणं, भोवरे, जिने, फाटे. त्याला कागद लागत नाही, पण दुसरं बरंच काही लागतं, ते हळूहळू कळत गेलं.

पहिलं म्हणजे पंखे बंद. मे महिन्यातली सांगली, पारा चाळिसाला टेकलेला, आणि हॉलच्या छताला पंखे नुसते बघत बसलेले. पंख्याच्या वाऱ्यानं ठोकळा पडतोच असं नाही, पण डुलतो, आणि हजारात एक डुलला तरी बस्स. खिडक्याही निम्म्याच उघड्या. घाम नाकाच्या शेंड्यावर जमा झाला की मान बाजूला करून टपकवायचा, ठोकळ्यांवर नाही. ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. हातातल्या बांगड्या पहिल्याच दिवशी काढून ठेवल्या. आप्पांच्या शर्टाच्या खिशातलं पेन वाकताना निसटलं आणि पोराचा अख्खा भोवरा घेऊन गेलं, तेव्हापासून खिसे रिकामे करूनच आत यायचं असं आपोआप ठरलं. भडंगाचा पुडा दाराबाहेर. तेलकट बोटांनी ठोकळा सोडायची वेळ आली की तो बोटाला चिकटून जरासा वर येतो आणि शेजारच्याला धक्का देतो. भडंग खाऊन हात न धुता आत येणाऱ्याला नववीतलीनं दोन वेळा हाकलून दिलं, त्यात एकदा मी होते.

सगळी खरी मारामारी सांध्यावर. आराखडा नाही म्हणजे सात माणसं हॉलच्या सात कोपऱ्यांतून आपापल्या मनानं येतायत. आपल्या जागेत काय करायचं यावर कधीच भांडण झालं नाही. माझी रांग तुझ्या रांगेला जिथे भेटते तिथे काय होणार, यावर मात्र तासन् तास. हॉलची फरशी दोन बाय दोनची आहे. वालचंदमधल्या एकानं सुचवलं की फरशीचे दर्जे, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटी, हीच हद्द धरू. दर्जावर ठोकळा तसाही नीट उभा राहत नाही, कलतो, म्हणून तिथे जागा सोडावीच लागते. मग ठरलं की दर्जाच्या अलीकडे शेवटचा ठोकळा लाल लावायचा. लाल दिसला की समजायचं, इथनं पुढे दुसऱ्याचं काम, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि लालच्या पुढची चार-पाच ठोकळ्यांची जागा मोकळीच, अगदी शेवटपर्यंत.

ही मोकळी जागा म्हणजे या धंद्यातली सगळ्यात जुनी अक्कल. २००५ साली त्याच लेवार्डनच्या हॉलमध्ये चिमणी शिरली, इकडून तिकडे उडाली आणि २३ हजार ठोकळे पडले. लाखोंचं काम होतं, तरी नुकसान तेवढ्यावर थांबलं ते जागोजागी सोडलेल्या अशाच मोकळ्या जागांमुळे. चिमणीला मात्र गोळी घातली, त्यावर तिकडे मोठा गहजब झाला, आणि पुढे ती भुसा भरून रॉटरडॅमच्या निसर्ग-संग्रहालयात ठेवली. मी हे सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "आधी मारायची आन् मग काचेत ठेवून बघायची. लय शहाणी माणसं." त्या दिवशी त्यांनी स्वतःहून खिडकीला जुनी मच्छरदाणी ठोकली. आमच्याकडे चिमण्या आता दिसत नाहीत फारशा, पण पाली आहेत.

चिमणी आली नाही. वळीव आला. मिरजेकडनं आभाळ काळं होत आलं, पाच मिनिटांत धुळीचा लोट, आणि पश्चिमेची खिडकी धाडकन आपटली. वालचंदवाल्यांनी दोन दिवस रांगत लावलेला भाग आमच्या डोळ्यांदेखत गेला. तो आवाज, सर्रर्र करत जाणारा, फार गोड असतो. फक्त आपण टिचकी मारलेली नसते. लाटेनं दर्जापर्यंत मजल मारली, लाल ठोकळा पडला, आणि पुढे मोकळी जागा. थांबली.

मला वाटलं आता पोरं रडकुंडीला येणार. तसं काही झालं नाही. एकानं हॉलभर नजर फिरवली आणि म्हणाला, "बरं झालं, तो भाग मला तसाही कंटाळवाणा वाटत होता." आणि तिथे पहिल्यासारखं काही न लावता त्यांनी वह्यांचा जिना केला. शंभर पानी वह्या एकावर एक, प्रत्येक पायरीची उंची ठोकळ्याच्या निम्म्याहून कमी, म्हणजे खालचा पडताना वरच्याला नीट धडकतो. आराखडा असता तर जे पडलं तेच जसंच्या तसं परत उभं करायला लागलं असतं, वर पहिल्यापेक्षा वाईट मूडमध्ये. इथे पडलं म्हणजे नुसती जागा झाली. आमच्या गल्लीतल्या रांगोळीच्या स्पर्धेतसुद्धा इतकी सूट नसते. तिथे ठिपका चुकला की चुकलाच.

तोटेही लिहिते, नाहीतर हे सगळं फारच गोड वाटेल. कुणी कुणाला न विचारता लावत गेलं की सगळ्यांना एकच गोष्ट सुचते, आणि ती म्हणजे भोवरा. एका टप्प्याला हॉलमध्ये जिथं बघावं तिथं भोवरेच. दुसरं, फाटे सुरू करायला सगळ्यांना आवडतं, पण तो फाटा पुढे कुठे न्यायचा याची जबाबदारी कुणी घेत नाही. फाटा करणं सोपं आहे : येणाऱ्या रांगेच्या शेवटच्या ठोकळ्यापुढे दोन ठोकळे शेजारी शेजारी असे ठेवायचे की एकाच धक्क्यात दोघं पडतील, आणि तिथून दोन वाटा. अशा दोनाच्या चार झाल्या आणि त्यातल्या कित्येक भिंतीला जाऊन टेकल्या. म्हणून मग एका माणसानं लावणं सोडून नुसतं चालत राहायचं, लाट कुठून कुठे जाईल ते बोटानं हवेत दाखवत, असं ठरवलं. ते काम माझ्याकडे आलं. गुडघे तसेही बोलायला लागले होते. शिवाय खतावणीत पैसा कुठून आला आणि कुठे गेला हे बघण्यातच माझा जन्म गेलाय.

आप्पांचं वेगळंच चाललेलं. त्यांना रांगेत रस नव्हता, त्यांना यंत्र हवं होतं. भाच्यानं त्यांना सांगितलं की लहान ठोकळा आपल्या दीडपट मोठ्याला पाडू शकतो. लॉर्न व्हाइटहेड या शास्त्रज्ञानं १९८३ मध्ये असे १३ ठोकळे करून दाखवले होते, प्रत्येक आधीच्याच्या दीडपट. आप्पांनी तिथेच खडूनं फरशीवर हिशोब मांडला : ४८, ७२, १०८, १६२, २४३... सातव्या उडीला ८२ सेंटिमीटर. "म्हणजे अर्धं कपाट पाडता येतंय की." खरं तर पडताना प्रत्येक जण स्वतःच्या उंचीत साठवलेली ऊर्जा मोकळी करतो, आधीचा फक्त तोल घालवतो, म्हणून हे जमतं. आप्पांनी फळ्यांचे तुकडे कापून मालिका केली आणि शेवटाला शेजारच्या काकूंचा सागवानी पाट उभा केला. पुढच्या उडीला मी नाही म्हटलं. फरशी सोसायटीची आहे.

अंतराचा हिशोबही असाच हात बसत गेला. दोन ठोकळ्यांत अंगठ्याएवढी जागा सगळ्यात बरी. फार लांब ठेवले तर पडणारा पुढच्याच्या अगदी पायाशी आपटतो आणि घसरतो, गुळगुळीत फरशीवर तर जास्तच. मला गंमत वाटली ती वेगाची. सुरुवातीला टिचकी मारा नाहीतर चांगली धपाटी घाला, पाच-सहा ठोकळ्यांनंतर लाट आपल्या चालीनंच जाते. ती चाल ठोकळे आणि त्यांच्यातलं अंतर ठरवतं, ढकलणारा नाही. भाचा पहिला ठोकळा पाडायचा मान कुणाला यावर उगाच भाव खात होता, त्याला हे ऐकवलं.

आज संध्याकाळी मोकळ्या जागा भरल्या. हा सगळ्यात जिवावरचा वेळ. आतापर्यंत दर्जावर थांबलं असतं, आता कुठेही धक्का लागला तर सगळंच जाणार. टिचकी मारायच्या जागेपासून सगळ्यात लांबच्या सांध्यापासून भरायला सुरुवात केली आणि मागे मागे येत गेलो. एका वेळी एकच माणूस आत, बाकीचे दारात. कुणी शिंकायचं नाही, असं धाकट्यानं जाहीर केलं आणि तोच शिंकला.

टिचकी शेवटी त्यालाच दिली.

पहिले दोन भोवरे झकास. वह्यांचा जिना चढून उतरली. मग नववीतलीच्या मोठ्या कमानीत, बरोबर दर्जापाशी, एक ठोकळा कलला आणि पुढच्याला न लागता बाजूला पडला. लाट मेली. आप्पा काठी घेऊन पुढे झाले, पोरं एकदम ओरडली, "हात नाही लावायचा!" तेवढ्यात वालचंदवाल्यांचा फाटा हॉलच्या दुसऱ्या बाजूनं फिरून आला. त्या कमानीचं एक टोक तिनं लावलेलं, दुसऱ्या टोकाकडून ते लावत आले होते, आणि मधे कुठेतरी दोघं समोरासमोर भेटले होते. पुढे काय होणार हे कुणीच बघितलं नव्हतं, हवेत बोट फिरवणारी मीसुद्धा नाही. लाट तिकडून शिरली आणि अडलेली रांग उलट्या बाजूनं, शेवटाकडून सुरुवातीकडे, पडत आली. त्या कललेल्या ठोकळ्यापाशी येऊन संपली. नववीतली दोन्ही हातांनी तोंड दाबून बघत होती आणि मग एवढ्या जोरात किंचाळली की खालच्या मजल्यावरून विचारायला लोक वर आले.

आप्पांची मालिका सगळ्यात शेवटी. चार ठोकळे, मग फळी, मग पाट. पाट पडताना आवाज झाला तो झालाच.

रंगाप्रमाणे ठोकळे वेगळे करून पिशव्यांत भरायला लावण्याइतकाच वेळ जाईल असं दिसतंय, ते आता उद्यावर. दिवाळीत परत करायचं असं पोरं म्हणतायत. आप्पा म्हणाले, दिवाळीत पोरं किल्ल्यावर असतात, डिसेंबर बघू, तेव्हा पंखे तसेही लागत नाहीत. त्यांनी लाल रंगाचा एक डबा आणायचा ठरवलंय, कारण सांध्याला लाल ठोकळे कमी पडले आणि शेवटी आम्ही नारिंगीला लाल समजत होतो.

शेजारच्या काकूंचा दोनदा फोन येऊन गेला. पाटाच्या कोपऱ्याची कपची उडालीय, ते त्यांना आप्पांनी सांगायचं की मी, हे अजून ठरायचंय.