देश विकायचा तर सह्या कोणाच्या?

मे महिन्यात गावी गेलेलो, कोकणात, आमच्या चौदा गुंठ्यांचं एकदाचं काय ते करून टाकू म्हणून. पुण्याचं गिऱ्हाईक तयार होतं, भाव ठरला होता, साठेखताचा मसुदा पण झालेला आणि वकिलाने सातबारा हातात घेऊन बोट ठेवलं ते थेट इतर अधिकारांच्या रकान्यात. तिथे कुळाचं नाव. आजोबांच्या काळापासून ज्या घराने ती जमीन कसली त्यांचं. वकील म्हणाला, यांचं मिटल्याशिवाय पुढे सरकू नका, आणि हो, तुमच्या आत्याची सही कुठेय? आत्या बडोद्याला. झालं, चहा पिऊन सगळे आपापल्या घरी.

त्या रात्री नेहमीप्रमाणे लाईट गेली, मी ओटीवर मोबाईल घेऊन बसलो तर समोर डेन्मार्कच्या ताब्यातल्या ग्रीनलँडचा व्हिडिओ. आपल्या ट्रम्पतात्यांना ते हवंय हे आता सगळ्यांना माहितीये, 2019 ला पहिल्यांदा बोलले तेव्हा लोकांनी मीम्स केले. पण हे गिऱ्हाईक जुनं आहे बरं का. 1946 मध्ये अमेरिकेच्या ट्रूमन सरकारने डेन्मार्कला याच ग्रीनलँडसाठी दहा कोटी डॉलरचं सोनं देऊ केलं होतं, डेन्मार्क नाही म्हणाला.

आणि डेन्मार्क काही असा सौदा कधीच न केलेला सोवळा देश नाही. आपल्याकडचं, तमिळनाडूतलं त्रांकेबार आणि बंगालमधलं सेरामपूर त्यांनी 1845 मध्ये साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकलं. मग कॅरिबियनमधली सेंट थॉमस, सेंट जॉन, सेंट क्रॉय ही बेटं 1917 मध्ये अमेरिकेला अडीच कोटी डॉलरला. यातली गंमत म्हणजे विकायचं की नाही यावर डिसेंबर 1916 मध्ये डेन्मार्कात चक्क लोकांचं मत घेतलं, म्हणजे कोपनहेगनच्या माणसाला विचारलं, आणि ज्या बेटांचा व्यवहार होता तिथल्या माणसाला नाही. तिथे 31 मार्च 1917 ला एक झेंडा उतरला, दुसरा चढला. सरसकट नागरिकत्व मिळायला 1927 उजाडलं, आणि आजही तिथे राहणाऱ्याला राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही. अजून एक, त्याच सौद्याच्या वेळी अमेरिकेने लिहून दिलं होतं की डेन्मार्कने आपला अंमल सगळ्या ग्रीनलँडवर पसरवला तर आमची काही हरकत नाही! हे वाचून मी अंधारात एकटाच हसलो.

अलास्काचं तर खरेदीखतच वाचण्यासारखं आहे. 1867, 72 लाख डॉलर, विकणारा रशियाचा झार. तिसऱ्या कलमात म्हटलंय की इथले रहिवासी हवं तर तीन वर्षांत रशियाला परत जाऊ शकतात, राहिले तर त्यांना अमेरिकन नागरिकांचे सगळे हक्क, फक्त रानटी टोळ्या सोडून. म्हणजे जे हजारो वर्षं तिथे राहत होते तेच वगळले. कुळ होतं, आणि त्याचं नाव मुद्दाम खोडलं.

आता मुंबईकर म्हणून आपण फार हसायला नको कारण आपलं शहर तर विकलं पण नाही, हुंड्यात दिलंय. 1661 च्या तहात पोर्तुगालने राजकन्या कॅथरीनच्या लग्नात ते इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिलं. पण खरी मजा पुढे. इंग्रज ताबा घ्यायला आले तर गोव्याचा व्हाइसरॉय ताबाच देईना, कागद बरोबर नाहीत, हद्द स्पष्ट नाही, वगैरे. तालुक्याला जे ऐकायला मिळतं तेच, अगदी तेच. ताबा घ्यायला पाठवलेला बिचारा अब्राहम शिपमन आपली माणसं घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट बघत बसला, तिथेच आजारपणात गेला, त्याची बरीचशी माणसं पण गेली. शेवटी 1665 मध्ये त्याच्या हाताखालच्या हम्फ्री कुकने कसाबसा ताबा घेतला आणि त्यानंतरही माहीम त्यात येतं की नाही यावर भांडण होतंच. 1668 मध्ये राजाने सगळं कंपनीला देऊन टाकलं, वर्षाला दहा पौंडांवर. या सगळ्या कागदांत मुंबईच्या कोळ्यांची सही कुठे असणार म्हणा.

मला स्वतःला विक्री या शब्दाचं वावडं नाही. जमीन विकतोच की आपण. युद्ध करून घेण्यापेक्षा पैसे मोजून घेतलेलं बरं असं कोणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पाकिस्तानने 1958 मध्ये ग्वादर बंदर ओमानकडून विकतच घेतलं, गोळी न झाडता. माझा प्रश्न वकिलाचाच आहे, कुळाचं मिटलंय का?

आणि विचारणं जमतं, आपणच थोडंफार केलंय ते. 2015 मध्ये भारत-बांगलादेशने एकमेकांच्या हद्दीत अडकलेले तुकडे बदलून घेतले, आपले 111 तिकडे, त्यांचे 51 इकडे. पैसे नाहीत, अदलाबदल. नकाशा बदलायचा का हे लोकांना विचारलं नाही हे खरं, पण तुम्ही कोणत्या देशाचे हे घरोघरी जाऊन विचारलं. तिकडच्या आपल्या तुकड्यांतले साधारण हजारच लोक इकडे आले, बाकी जिथे घर, शेत, कबरस्तान तिथेच राहिले आणि देश बदलला. इकडे कूचबिहारकडचे तर सगळेच भारतीय झाले. आधी त्यांना शाळेसाठी मुलांच्या बापाचं नाव खोटं लावावं लागायचं, दवाखान्यात पत्ता खोटा सांगायला लागायचा.

ग्रीनलँडला कायद्याने निदान हा रकाना आहे. 2009 च्या कायद्यात तिथले लोक एक वेगळा समाज म्हणून मान्य झालेत आणि वेगळं व्हायचं की नाही हे तेच ठरवणार. लोक जेमतेम 57 हजार, आमच्या तालुक्यात याहून जास्त असतील. पण मग डोक्यात किडा येतोच, समजा उद्या कोणी डोईला लाखो डॉलर देतो म्हणाला आणि निम्म्याहून जास्त हो म्हणाले तर? उरलेल्यांचं काय? आमच्याकडे एका भावाने सही अडवली की व्यवहार अडतो, देशात तसं चालणार नाही हे कळतं मला. तरी साध्या बहुमतावर एवढी मोठी गोष्ट सोडू नये असं वाटतं, का ते नीट सांगता येत नाही.

आणि हे शेवटचं, जे वाचून मी खरंच चाट पडलो. ग्रीनलँडमध्ये जमीन कोणाच्याच नावावर नसते. घर तुमचं, खालची जमीन सगळ्यांची, फक्त वापरायची परवानगी मिळते. म्हणजे जिथे एक गुंठा कोणी विकू शकत नाही तो अख्खा देश विकत घ्यायला निघालेत.

सकाळी कुळाच्या घरी गेलो. म्हातारबाबांनी कोकम सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, विकायचंच आहे तर आम्हालाच का नाही विचारलंत आधी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आत्या गणपतीत येतेय, तेव्हा बघू.