तुम्ही विचारलंत म्हणून: जुने बोल्ट काहून धुवत बसतो

अ‍ॅम्बेसेडरचं इंजिन खोलल्यापासून परभणीत जो येतो तो हेच विचारतो, "भाऊ, नवा बोल्ट दहा-वीस रुपयाला मिळायलाय, हे जुने काहून धुवत बसलात?" तर सांगतो.

माझी 1489 सीसी पेट्रोलवाली, इंजिन मूळचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) या कंपनीचं, म्हणजे आटे सगळे इंचातले. आणि आपल्याकडं दुकानात बहुतेक एमएमचाच बोल्ट. 5/16 इंच म्हणजे 7.94 एमएम, शेजारी 8 चा ठेवला तर डोळ्याला फरक कळतच नाही, पण 5/16 यूएनएफला (बारीक आट्याचा इंची बोल्ट) इंचात 24 आटे आणि साध्या 8 एमएमला 20 च्या आसपास, त्यामुळं 5/16 च्या भोकात 8 चा बोल्ट एक-दीड फेरा हातानं जातो, मग अडतो, आणि मिस्त्री म्हणतो लाव पाना. पान्यानं जातो बी, पण ब्लॉकमधले आटे खाऊन जातो. माझ्या टायमिंग कव्हरच्या एका भोकातून असाच डोक्यावर 8.8 छापलेला, म्हणजे एमएमचा बोल्ट निघाला, आट्यांत बिडाचा काळा चुरा गच्च भरलेला. तिथं हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घ्यावी लागली. बोल्ट मिळंल हो, ब्लॉक कुठून आणायचा?

पान्याचंही तेच. 1/2 इंचाच्या डोक्याला 13 चा पाना बसतो, पण ढिला, आणि गंजलेला बोल्ट असला की कोपरे गोल झालेच.

आता धुण्याचं. बोल्ट आवळताना तो किंचित ताणला जातो आणि त्या ताणानंच हेड (इंजिनचं वरचं झाकण) ब्लॉकवर दाबून धरतो. पण पान्याचा जोर शंभर धरला तर ताणायला जेमतेम दहा-पंधराच कामी येतो, बाकी सगळा घासण्यात जातो. आट्यात गंज असला तर टॉर्क रेंच (ठरवलेला जोर आला की आवाज करणारा पाना) बरोबर आकड्यावर टक् करतो, आपण खूश, पण नट नुसता घासून अडकलेला असतो, ताण आलेलाच नसतो! मग मे महिन्यात पारा 43 वर गेला की हेडखालचं गॅस्केट पाणी सोडणार. म्हणून रॉकेल, तारेचा ब्रश, मग थेंबभर ऑइल, आणि हेडचे नट मधल्यापासून कडेच्याकडं, दोन-तीन दमात आवळायचे.

कुणाकडं जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे नट-बोल्ट पोत्यात पडलेले असतील तर भंगारवाल्याला देऊ नका, जालन्याच्या भट्टीत जाऊन त्याची सळई होईल. मला सांगा, मी येऊन घेऊन जातो.