खोला मिरचीची रोपं : जास्तीच्या खतातून सावरताना

१४ जून, फोंडा. आठ तारखेला ट्रेमधून लिटरभराच्या कुंड्यांत हलवलेली अकराही रोपं बिघडली आहेत. पानं नको इतकी गर्द हिरवी, टोकं करपलेली, कडा पोपटाच्या चोचीसारख्या खाली वळलेल्या. माती ओली असूनही दुपारी रोपं मान टाकतात.

चूक माझीच. निम्मं गांडूळखत, पाव भाग कोंबडीखत, वर मूठभर निंबोळी पेंड, आणि माती उरेल तेवढीच. कोंबडीखत पुरतं कुजलेलं नव्हतं. कुंडीला नाक लावलं की अजून उग्र वास येतो. बी काणकोणच्या आत्येनं दिलेलं. फोनवर तिनं एवढंच विचारलं, "डोंगरार कोण इतकें सारें घालता गो?" (डोंगरावर कोण इतकं खत घालतं गं?) खरंच, ही मिरची काणकोणातल्या खोला गावच्या डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर वाढणारी. तिला मी पंक्तीला बसवून आग्रहानं वाढलं.

मातीत क्षार वाढले की मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून ओल्या मातीतही रोप तहानलेलं राहतं. हे कळायच्या आधी मी दोन दिवस आणखी पाणी घालत होते, तेही थोडं थोडं, म्हणजे क्षार जिथल्या तिथेच.

१५ जून. सहा रोपांची माती धुतली. पागोळ्यांखाली बादली भरून ठेवली होती, त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं मीटरवरचं माप, जेमतेम २०. प्रत्येक कुंडीत तीन लिटर, पण सावकाश, तांब्यातांब्यानं, खालून निथळेपर्यंत थांबत. पहिलं निथळलेलं पाणी चहासारखं, मीटरवर १८४०. तिसऱ्या लिटरनंतर ६१०. उरलेल्या पाच रोपांची माती हलक्या हातानं झाडून नव्या मिश्रणात लावली: दोन भाग लाल माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग भाताचं तूस. खत शून्य.

इथे पावसाळ्याची अडचण येते. धुतलेली कुंडी उघड्यावर ठेवली तर सुकतच नाही, आणि खोड मातीलगत कुजतं. म्हणून सगळी रोपं गॅलरीत, पत्र्याखाली, खाली दोन विटा देऊन. वरची बोटाच्या पेराएवढी माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही.

१९ जून. माती बदललेल्यांपैकी एक गेलं. बाकी चार मरगळलेली. मुळं दुखावली असणार. धुतलेली सहाही ताठ.

२४ जून. शेंड्याला नवी पानं, फिकट हिरवी, सपाट, टोकं शाबूत! इतका आनंद मला पहिली मिरची धरल्यावरही झाला नव्हता. करपलेली जुनी पानं पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यांच्याकडे बघून रोप सावरलं की नाही ते ठरवू नका. मी ती तोडलीही नाहीत. अर्धं पानसुद्धा उन्हाच्या तिरिपीत काम करतं.

चार-सहा पानांच्या रोपाला धुणंच बरं, असं माझं मत झालंय. मात्र माती चिकट असेल आणि पाणी तुंबत असेल, तर कुंडी बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

९ जुलै. दहा रोपं, आठ ते दहा पानांची. मोठ्या कुंड्यांत हलवली, याच हलक्या मिश्रणात, दहा भागांस एक भाग जुनं शेणखत घालून. गेल्या वर्षीचं आहे, हातात घेतलं तर मातीचाच वास येतो. पुढचं खत फुलं दिसल्यावर.