पेशवे दफ्तरात गाव शोधायला जाताना

आमच्या गावाचा इतिहास लिहायचा घाट घातलाय, त्यासाठी पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात जाऊन आलो. स्टेशनवरून रिक्षाने जवळच, कौन्सिल हॉलच्या परिसरात ही इमारत आहे. १८१८ साली पेशवाई गेली, दफ्तर इंग्रजांच्या ताब्यात आलं आणि पुढे इनाम कमिशनने त्याच्याच आधारे कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं ते तपासलं. सरकारला महसुलासाठी गरज होती म्हणून हे कागद जपले गेले, हे तिथे बसल्यावर फार जाणवतं.

जाणाऱ्यांना पहिली गोष्ट सांगतो: नुसतं गावाचं नाव घेऊन जाऊ नका. कागद रुमालांत, म्हणजे कापडी गाठोड्यांत बांधलेले आहेत, आणि रुमाल गाववार लावलेले नाहीत. ज्या कामातून कागद निघाला त्या कामाप्रमाणे ते आहेत: रोजकीर्द (रोजचा जमाखर्च), घडणी (त्याच्या खातेवार नोंदी), प्रांत अजमास (प्रांतांचे हिशेब), पागा (घोडदळ), चिटणिशी (पत्रव्यवहार). गाव कोणत्या तर्फेत, कोणत्या परगण्यात (हे तेव्हाचे महसुली विभाग) होतं आणि वसूल कोणाकडे जात होता, हे आधी काढा. गावातल्या जुन्या इनामदार किंवा कुलकर्णी घराण्याकडे एखादी सनद असते, तिच्यात हे हमखास लिहिलेलं सापडतं. ते हाती असलं की तिथले कर्मचारी योग्य रुमालाकडे नेतात. नाहीतर कोट्यवधी कागदांपुढे माणूस नुसता बसून राहतो. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ दरम्यान या दफ्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. ते ग्रंथालयात चाळूनच जा.

कागद बहुतेक मोडी लिपीत. शब्द तोडलेले नसतात, आधी ओळभर रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जायचं अशी पद्धत. मोडीचा वर्ग करूनच जावं असं माझं स्पष्ट मत आहे. वाचून देणारे मिळतात, पण गावातल्या शेताची, ओढ्याची, देवळाची नावं आपल्यालाच पटकन ओळखता येतात.

तारखा शुहूर सनात असतात, म्हणजे वर्ष अरबी संख्याशब्दांत लिहिलेलं असतं. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२ येतं. हे वर्ष जूनमध्ये, मृगाला सुरू होतं, म्हणून जानेवारीनंतरच्या कागदाला ६०० मिळवायचे. हे आकडे वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवा.

अर्ज, ओळखपत्र, पेन्सिल आणि भरपूर वेळ, एवढं न्या. सरकारी सुट्ट्या आधी पाहून घ्या. प्रत्येक नोंदीपुढे रुमालाचा क्रमांक लिहा, तो नसेल तर तोच कागद पुन्हा मिळणं कठीण.

वेळ उरला तर सदाशिव पेठेतलं भारत इतिहास संशोधक मंडळही पाहा. वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी ते १९१० मध्ये काढलं. राजवाडे गावोगाव फिरून घराघरातली दफ्तरं मिळवत, आणि त्यांच्या काळातही कागद रद्दीत जात होते.

आजही जातात, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं. माळ्यावर दफ्तर सापडलं तर ते सोडून वेगळं करू नका. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारी बांधलेला होता, यावरूनच तो कोणाचा आणि कशासाठी ते कळतं. ‘महत्त्वाचे’ म्हणून चार कागद काढून घेतले की बाकीचे मुके होतात. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. काजळाची शाई उन्हात टिकते पण पाण्याने फुटते, म्हणून ओल्या फडक्याने पुसणंही टाळा. धुतलेल्या सुती कापडात, भिंतीपासून दूर, कोरड्या जागी ठेवा. फोटो फ्लॅशशिवाय घ्या, पाठीमागचाही घ्या. कागदांच्या जोडावरचा शिक्का बहुधा मागेच असतो.

एकोणिसाव्या शतकानंतरचं हवं असेल तर पुण्याआधी तहसील कार्यालय गाठा. गाव नमुना १४ मधल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि भूमी अभिलेखातली जमीन मोजणीची जुनी टिपणं तालुक्यालाच मिळतात, आणि त्यातल्याही जुन्या नोंदी मोडीतच असतात.