माइन्झचा कार्निव्हल आणि आमच्या पोळ्याच्या झडत्या

जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या माइन्झ शहरात राहायला आल्यापासून मला इथली सर्वांत आपलीशी वाटलेली गोष्ट म्हणजे कार्निव्हल. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी त्याची घोषणा होते आणि नव्या वर्षात सभागृहांतून त्याच्या बैठका रंगू लागतात. पिंपाच्या आकाराच्या व्यासपीठावर एखादा वक्ता उभा राहतो आणि यमके जुळवत सरकार, महागाई, नवरा-बायको, शेजारीपाजारी अशा सगळ्यांचा खरपूस समाचार घेतो. टोला वर्मी बसला की बँडवाले लगेच गजर करतात. मिरवणुकीतील पथकांचे सैनिकी गणवेशही मुळात लष्कराची खिल्ली उडवण्यासाठीच आले. कार्निव्हलच्या अखेरच्या गुरुवारी बायका पुरुषांचे टाय कात्रीने कापतात, आणि अर्धा टाय गळ्यात घालून दिवसभर हसतमुखाने काम करणारे वरिष्ठ मी कार्यालयात पाहिले आहेत. वर्षातून एकदा मोठ्यांना तोंडावर खरे सुनावण्याची अशी मुभा समाजाला हवीच असते, असे माझे ठाम मत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात ही मुभा पोळ्याला मिळते. आदल्या संध्याकाळी खांदशेकणीला हळद-लोण्याने बैलांचे खांदे शेकायचे, दुसऱ्या दिवशी झूल, बेगड आणि मठाटीने त्यांना सजवायचे आणि दुपार कलली की जोड्या तोरणाखाली उभ्या करायच्या. मग एकेक जण पुढे येऊन झडती, म्हणजे यमके जुळवलेल्या टोलेबाज ओळी, म्हणतो आणि शेवटी सारा गाव ‘हर बोला हर हर महादेव’ म्हणून ती उचलून धरतो. एका जुन्या झडतीत साक्षात महादेव दोन पैशांसाठी रडतो आणि पार्वतीच्या लुगड्याला छप्पन गाठी असतात. पाटील आणि सावकार समोर उभे असताना देवाच्या घरचे दारिद्र्य सांगता सांगता आपलेच दारिद्र्य मांडणाऱ्या त्या अनाम शेतकऱ्याची प्रतिभा मला थोर वाटते.

नव्या झडत्याही तितक्याच धारदार आहेत. मागे पोळ्याला गावी आलो होतो, तेव्हा लग्नाच्या वयाच्या एका तरुणाने खणखणीत आवाजात म्हटले होते:

चाड्यावर मूठ, मूठभर बी,
वावरवाल्याले पोरगी कोन देते जी?
बाप म्हने जावई नोकरीवालाच पाहीन,
वावरातला दाना मंग कोन पिकवीन?

सगळे हसले, परंतु तोरणाखाली बिनलग्नाची किती पोरे उभी होती, हे प्रत्येकाला ठाऊक होते. कपाशी आणि सोयाबीनच्या भावाचे दुखणे लग्नाच्या बोलणीपर्यंत कसे पोहोचते, हे त्या चार ओळींइतके नेमके मी कोणत्याही अग्रलेखात वाचलेले नाही.

माइन्झमध्ये ही भाषणे लिहून काढली जातात, त्यांच्या तालमी होतात, आणि बैठकांचा दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम १९५५ पासून देशभर पाहिला जातो. आमच्याकडे ट्रॅक्टर आल्यापासून बैल कमी झाले आणि तोरणाखालची गर्दी पातळ होत गेली. झडत्या मात्र अजूनही बव्हंशी जाणत्यांच्या तोंडीच आहेत. म्हणून गावातील मुलांना माझी कळकळीची विनंती आहे की, येत्या पोळ्याला प्रत्येक झडती मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा आणि म्हणणाऱ्याचे नाव व गाव त्याच्या संमतीने लिहून ठेवा. मुलांच्या तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांच्या सजावटीसाठी बक्षिसे असतातच. त्यांच्या जोडीला स्वतः रचलेली झडती म्हणणाऱ्या मुलामुलींसाठीही एक बक्षीस ठेवावे, त्याची रक्कम मी दरवर्षी इथून पाठवीन.