‘पास’ झालेली नापास डिस्क

घरच्या नॅससाठी (नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला, फायली साठवणारा डबा) डिस्क निवडायला मला तीन आठवडे लागले. त्यातली एक बदलून घ्यायला सात. म्हणून निवडीचं पटकन सांगून टाकतो.

डब्यात चार खण, म्हणून 8 टीबीच्या चार डिस्क. चाळणी एकच लावली: सीएमआर हवी (माहितीचे ट्रॅक शेजारी-शेजारी, सुटे), एसएमआर नको. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची ओळ उचकटावी लागते, तशी ही डिस्क थोडंसं बदलायलाही अख्खा पट्टा पुन्हा लिहिते. नुसते फोटो ठेवताना हे जाणवत नाही. एक डिस्क मेली आणि नव्या डिस्कवर रेड (एक डिस्क गेली तरी माहिती टिकावी म्हणून केलेली डिस्कची जुळणी) पुन्हा बांधायला घेतलं की मग तासांचं काम दिवसांवर जातं. खोक्यावर ‘नॅससाठी’ लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. नॅससाठी म्हणून विकलेल्या काही डिस्क गुपचूप एसएमआर होत्या, हे 2020 मध्ये उघड झालं होतं. मॉडेल नंबर घालून डेटाशीट काढा. वॉरंटी 3 वर्षं की 5, वर्षाला 180 टीबी लिहिण्या-वाचण्याचा भार की 300 की 550, हेही तिथेच कळतं. घराला 180 पुष्कळ झाले.

बॅकब्लेझ ही कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कचा हिशेब दर तिमाहीला जाहीर करते. त्या कोष्टकांपुढे मी रात्री घालवल्या. 2024 चा त्यांचा वार्षिक बिघाड-दर 1.57 टक्के, म्हणजे शंभरात दीड. ती दीड माझ्याच नशिबी.

खोकी आल्यावर मी ती आठ दिवस तशीच ठेवली, हा माझा गाढवपणा. विक्रेत्याची परतीची मुदत दहा दिवसांची होती. नवव्या दिवशी चारही डिस्कवर बॅडब्लॉक्स हे डिस्क तपासणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. ते पूर्ण डिस्कवर चार वेगवेगळे नमुने लिहितं आणि प्रत्येक परत वाचून बघतं, म्हणजे एकूण आठ फेऱ्या. 8 टीबीला साडेचार दिवस लागले. (डिस्कवरचं सगळं यात पुसलं जातं, तेव्हा कोऱ्या डिस्कवरच करा.) तीन डिस्क निर्मळ निघाल्या. तिसऱ्या खणातलीच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच ठेवते ती प्रकृतीची नोंद) 5 क्रमांकापुढे, म्हणजे खराब झाले म्हणून बदललेल्या सेक्टरपुढे (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा), 48 होते. 197 पुढे, म्हणजे वाचता न येणाऱ्या आणि निकाल न लागलेल्या सेक्टरपुढे, 8. आणि वर ठळक अक्षरांत एकूण प्रकृती: पास!

हे ‘पास’ पुढे मला फार महागात पडलं. अहवालातल्या प्रत्येक नोंदीची उत्तीर्ण होण्याची पातळी उत्पादकच ठरवतो, आणि ती इतकी खाली असते की डिस्क जवळजवळ शेवटच्या घटका मोजू लागली तरच नापास होते. कोऱ्या डिस्कवर साडेचार दिवसांत 48 सेक्टर गेले, हे त्या हिशेबात किरकोळ.

विक्रेत्याने मुदत संपली म्हणून हात वर केले. मग उत्पादकाचा वॉरंटीचा फॉर्म. सिरियल नंबर चालला, तारीख चालली, आणि मग एक चौकट: ‘आमच्या तपासणी सॉफ्टवेअरने दिलेला एरर कोड’. ती भरल्याशिवाय पुढचं बटण दाबताच येत नाही. सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारं, आणि माझ्याकडे विंडोज नाही. मित्राचा लॅपटॉप आणला, डिस्क यूएसबी डॉकमध्ये घातली, तपासणी केली. दोन मिनिटांत निकाल: पास. पास झालेल्याला कोड मिळत नाही.

स्मार्टचा अहवाल जोडून ईमेल केला. उत्तर आलं, कृपया आमचं सॉफ्टवेअर चालवा. चालवलंय म्हणून कळवलं. चार दिवसांनी पुन्हा तेच पत्र, खाली सही वेगळी. तिसऱ्यांदाही तेच. तोवर 197 चा आकडा 8 वरून 16 झाला होता, आणि मी रोज सकाळी चहाच्या आधी तो बघायला लागलो होतो. तो वाढला की मला आनंद व्हायचा!

सुटका झाली ती एका आडबाजूच्या मेनूमुळे. तिथे ‘विस्तृत तपासणी’ लपली होती, तीच पूर्ण पृष्ठभाग वाचते. पहिल्या वेळी अकराव्या तासाला लॅपटॉप झोपी गेला आणि सगळं मुसळ केरात. (स्लीप आधी बंद करा!) दुसऱ्या वेळी शेवटच्या दहा टक्क्यांत लाल पट्टी आली, नापास, आणि खाली तो कोड. परीक्षेत कुणी नापास झाल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. फॉर्म पाच मिनिटांत गेला.

मग पॅकिंग. मूळ खोकं मी फेकून दिलं होतं. तुम्ही वॉरंटी संपेपर्यंत जपा. अँटिस्टॅटिक पिशवी आणि जाड फोम नसेल तर वाटेतल्या धक्क्याचा दोष आपल्यावर येतो. डिस्कवर माझा काहीच मजकूर नव्हता म्हणून ती बिनघोर पाठवली. भरलेली पाठवताना झोप लागली नसती, म्हणून आता नॅसवर पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन आहे.

एक राहिलंच: 8 टीबीला बॅडब्लॉक्समध्ये ब्लॉकचा आकार 4096 द्या, नाहीतर ते सुरूच होत नाही. आणि स्मार्ट अहवालात 199 चा, म्हणजे केबलवरून माहिती येता-जाताना झालेल्या चुकांचा, आकडा वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा.

बदली डिस्क परवा आली. लेबलवर ‘रिसर्टिफाइड’ लिहिलंय, म्हणजे कोरी नव्हे, तपासून पुन्हा दिलेली, वॉरंटी जुन्या डिस्कची उरलेलीच. खोकं मी त्याच संध्याकाळी उघडलं. आत्ता दुसरा नमुना चालू आहे, 62 टक्के, चुका शून्य.