तुम्ही विचारलंत म्हणून: बेटांवरची पांढरी वाळू खरंच माशाची विष्ठा असते का?

मालदीव किंवा अंदमान करून आलेले दादर-माहीमचे ओळखीचे लोक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि विचारताना नाक मुरडतात. गोष्ट बऱ्याच अंशी खरी आहे. नाक मुरडण्याचं मात्र मला वाईट वाटतं.

ही वाळू पॅरटफिशची. त्याचे दात एकमेकांना जुळून त्यांची चोच झालेली असते. चोचीने तो प्रवाळखडक खरवडतो, घशातल्या दातांनी भरडतो, त्यातलं शेवाळ वगैरे पचवतो आणि उरलेला चुना बाहेर टाकतो. मालदीवमधल्या वक्कारू बेटावरचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या प्रवाळखडकांवर नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी सुमारे ८५ टक्के या माशांची निघाली. बेटच त्यांच्या वाळूवर उभं आहे!

यातला सगळ्यात मोठा बंपहेड. सव्वा मीटरपर्यंत लांब, वजन ४६ किलोपर्यंत, कपाळावर भलंमोठं टेंगूळ. अंदमानात पाण्याखाली आधी नुसता कडाकडा फोडल्याचा आवाज ऐकू आला, मग कळप दिसला. चावलेल्या जागी खडकावर पांढरे ओरखडे उठत होते. एकाच्या मागून पांढरा लोट सुटला आणि जात्यातून पीठ पडावं तसा तळाशी बसत गेला. असा एक मासा वर्षाला पाच टनांहून जास्त प्रवाळखडक दळतो. जिवंत प्रवाळही खातो, म्हणून काहींना तो उपद्रवी वाटतो. मला नाही वाटत. शेवाळाने माखलेल्या खडकावर नवं प्रवाळ रुजत नाही, आणि ते शेवाळ हेच मासे काढतात.

रात्री हा कळपाने उथळ पाण्यात झोपतो. टॉर्च आणि भाला घेऊन उतरलेल्यांना एका रात्रीत अख्खा कळप मारता येतो. वाढ सावकाश, आयुष्य चाळीस वर्षांपर्यंत. गेलेला कळप लवकर भरून येत नाही.

आपल्या चौपाट्यांची वाळू वेगळी: दगडाचा चुरा, खाड्यांचा गाळ, शिंपल्यांचा भुगा. हाजीअली-वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहे, पण बंपहेडला लागतात तसे विस्तीर्ण प्रवाळखडक इथे नाहीत.

‘चवीला कसा?’ हेही मुंबईकर विचारतातच. मी तो खात नाही. मालदीवला गेलात तर ट्यूना मागवा. तिथे तो भरपूर मिळतो, आणि बराचसा गळाने एकेक करून धरलेला असतो.